दूत दुसऱ्यांदा आला

स्वतःस इजा करून घेणाऱ्याच्या सोबतीविषयीं एक धडा

शास्त्रपाठ : १ राजे १९:१–१८, मार्क ५:१–२०, प्रेषितांचीं कृत्यें १६:२५–३४.

(हा धडा उपदेशकानें प्रथम एकट्यानें वाचावा, मग मंडळींत शिकवावा. शिकवितांना आपल्या गांवांतील कोणाचेंहि उदाहरण देऊं नये. लहान गांवांत नांव गाळलें तरी माणूस ओळखूं येतो.)



मंडळींतील कोणी तापानें अंथरुणाला खिळलें तर काय करावें हें आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. शेजारीण पेज घेऊन जाते, कोणी दवाखान्याची वाट धरितो, उपदेशक उशाशीं बसून प्रार्थना करितो. परंतु ज्याची जखम त्याच्या स्वतःच्याच हातची आहे, त्याच्या उंबऱ्याशीं आपले पाय अडखळतात. काय बोलावें तें सुचत नाहीं. मग आपण एक तर पापाविषयीं मोठें प्रवचन करितों, नाहीं तर कांहीं पाहिलेंच नाहीं असें दाखवून पिकापाण्याच्या गोष्टी बोलूं लागतों. ह्या दोहोंहून निराळी अशी तिसरी वाट पवित्र शास्त्र दाखवितें. ती लांबची आहे, पण आपल्यासारख्या साध्या माणसांसहि चालतां येण्याजोगी आहे.

ह्या वाटेची ओळख प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीमुळें झाली. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका खेड्यांत उपदेशकाचें काम करीत असतां, उपासना संपल्यावर एक आई मागें रेंगाळली. पदर तोंडाशीं धरून तिनें सांगितलें कीं, आपली सतरा वर्षांची मुलगी रात्रीं सर्व निजल्यावर स्वतःच्या दंडावर जखमा करून घेते. मीं त्याच संध्याकाळीं घरीं जाऊन मुलीस पुढें बसविलें, हें किती मोठें पाप आहे तें समजावून दिलें, आणि पुन्हां असें करणार नाहीं अशी शास्त्रावर हात ठेवून शपथ घ्यावयास लाविली. मुलीनें शपथ घेतली. काम झालें असें समजून मी परतलों. त्यानंतर दोन महिने ती उपासनेस आली नाहीं. विचारलें तर आई म्हणे, अंगांत कसकस आहे. खरी गोष्ट अशी होती कीं शपथ आठ दिवसांत मोडली होती, आणि पहिल्या दुःखाच्या जोडीला आतां देवाला दिलेला शब्द मोडल्याचें भय तिच्या उरावर बसलें होतें. मी ओझें उतरवावयास गेलों, आणि ओझ्यावर ओझें ठेवून आलों. पुढें काय झालें तें धड्याच्या शेवटीं सांगेन. तें तिच्या परवानगीनें सांगत आहें.

१. हें दुखणें काय आहे

प्रथम एक गैरसमज दूर करूं. स्वतःस इजा करून घेणारा प्रत्येक माणूस मरावयासच निघालेला असतो असें नाहीं. पुष्कळदां शोक, लाज, संताप किंवा मन बधिर करून टाकणारें रितेपण आंत इतकें दाटतें कीं तें सोसवत नाहीं, आणि सांगावें असें कोणी जवळ नसतें. शरीराच्या वेदनेनें तें क्षणभर हलकें झाल्यासारखें वाटतें. ही सुटका थोडाच वेळ टिकते. मागून लाज येते. लाजेनें मन पुन्हां दाटतें. आणि तेंच चक्र पुन्हां फिरूं लागतें. म्हणून ह्यास नाटक म्हणूं नये, हट्ट म्हणूं नये. लोकांस दाखवावयाचेंच असतें तर त्या मुलीनें भर उन्हाळ्यांत लांब बाह्यांचें पोलकें कां घातलें असतें?

परंतु दर वेळीं मरणाची इच्छा नसते म्हणून ही गोष्ट हलकीहि समजूं नये. ज्यानें एकदां स्वतःस इजा केली आहे, त्याच्या जिवाला पुढें आत्महत्येचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो, असें वैद्यकशास्त्रास आढळून आलें आहे. कारणें नाना प्रकारचीं असतात: घरांतील दारू व मारहाण, सासरचा छळ, कोणीं केलेला अत्याचार, कर्ज, परीक्षेंतील अपयश, मोडलेलें लग्न, आणि पुष्कळदां खिन्नतेचा आजार, जो इतर आजारांसारखाच एक आजार असून त्यास औषधोपचार आहे. तरुण मुलींप्रमाणें कर्ते पुरुषहि ह्यांत सांपडतात. पुरुषानें रडूं नये ह्या आपल्या समजुतीमुळें त्यांचें दुखणें पुष्कळदां उशिरां उघडकीस येतें.

२. रतामाच्या झुडपाखालीं

एलीया हा भित्रा माणूस नव्हता. कर्मेल डोंगरावर तो सर्व राष्ट्रासमोर एकटा उभा राहिला होता. परंतु ईजबेल राणीनें जिवाची धमकी देतांच तो पळाला. बैरशेबा येथें त्यानें आपल्या चाकरास मागें ठेविलें, एक दिवसाची वाट रानांत एकटाच चालून गेला, आणि रतामाच्या एका झुडपाखालीं बसून त्यानें देवाजवळ मरण मागितलें. येथें दोन गोष्टी ध्यानांत आणाव्या. पहिली ही कीं मोठ्या विश्वासाच्या माणसासहि असा दिवस येतो; म्हणून ज्यास तो आला त्याचा विश्वास खोटा होता असें म्हणावयास आपणांस शास्त्राचा आधार नाहीं. दुसरी ही कीं तो चाकरास मागें ठेवून गेला. खचलेलें मन प्रथम सोबत तोडतें.

आतां देवानें काय केलें तें पाहा. त्यानें एलीयाचा निषेध केला नाहीं, त्याच्याकडून शपथ घेतली नाहीं, कर्मेलाची आठवण देऊन त्यास लाजविलें नाहीं. दूत आला, त्यानें त्यास स्पर्श केला आणि उठून खावयास सांगितलें. उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें होतें. एलीया जेवला, पाणी प्याला आणि पुन्हां निजला.

तो पुन्हां निजला, हें वाचतांना आपण घाईनें पुढें जातों. पण सोबत करणाऱ्यास सर्वांत कठीण वेळ हीच असते. आपण गेलों, बसलों, प्रार्थना केली. मुलगी थोडी हंसली, जेवली. आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां तेंच. तेव्हां आपला धीर सुटतो. इतकें करूनहि फळ नाहीं, असें आपण म्हणतों. परंतु सातव्या वचनांत लिहिलें आहे कीं दूत दुसऱ्यांदा आला. पहिल्या भाकरीचा त्यानें हिशेब मागितला नाहीं. त्यानें तसाच स्पर्श केला, तसेंच खावयास सांगितलें, आणि कारण दिलें तें एवढेंच कीं पुढची वाट फार लांबची आहे. ह्या धड्याचें सगळें सार त्या दुसऱ्या भेटींत आहे. पहिल्या भेटीस दया पुरते. दुसरी, तिसरी आणि दहावी भेट देण्यास प्रीति लागते.

पुढें होरेबाच्या गुहेपाशीं देवानें एलीयास एकच प्रश्न दोनदां विचारला, आणि एलीयानें आपलें तेंच गाऱ्हाणें दोन्ही वेळां सांगितलें. देवानें तें दोन्ही वेळां ऐकून घेतलें. मग त्यास काम दिलें, आणि अलीशा हा सोबती दिला. अन्न, झोंप, ऐकून घेणें, काम, सोबती, असा देवाचा क्रम आहे. आपण मात्र उपदेशापासून आरंभ करितों.

३. अंधारांतून दिलेली हांक

फिलिप्पै येथें मध्यरात्रीं भूमिकंप झाला, दारें उघडलीं, आणि कैदी पळाले असें समजून बंदिशाळेचा नायक स्वतःचा जीव घ्यावयास निघाला. तेव्हां पौल गप्प बसला नाहीं. त्यानें मोठ्यानें ओरडून, स्वतःस इजा करण्याची गोष्ट उघड नांव घेऊन थांबविली, आणि कैद्यांपैकीं एकहि गेलेला नाहीं हें त्यास कळविलें. त्यानंतर नायक दिवा मागवून आंत धांवला, आणि त्याच रात्रीं त्याच माणसानें पौल व सीला ह्यांच्या जखमा धुऊन त्यांस आपल्या घरीं जेवूं घातलें. जो मरावयास निघाला होता तो दुसऱ्याच्या जखमा धुऊं लागला.

मरणाचा विषय काढला तर नसलेला विचार मनांत येईल, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाहीं. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते कीं, विचारल्यानें तो विचार पेरला जात नाहीं. उलट विचारलेल्या माणसास आपलें मन मोकळें करावयास वाट मिळते. म्हणून एकांतांत, शांत आवाजानें, सरळ विचारावें: “जीव द्यावा असें मनांत येतें का? आज येतें का? तसें कांहीं योजिलें आहे का?” उत्तर होय आलें तर दचकूं नये, रागावूं नये, आणि त्या माणसास एकटें सोडूं नये.

विचारल्यावर ऐकावें. ऐकणें हें केवढें मोठें काम आहे ह्याची एक खरी गोष्ट सांगतों. इंग्लंडांतील चॅड व्हारा नांवाच्या पाळकानें १९३५ सालीं, सेवेच्या अगदीं आरंभीं, एका चौदा वर्षांच्या मुलीची प्रेतक्रिया केली. तिला ऋतु प्राप्त झाला तो ती भयंकर रोग समजली होती, आणि विचारावें असें कोणी नसल्यामुळें तिनें जीव दिला होता. तें दुःख त्या पाळकाच्या मनांतून गेलें नाहीं. १९५३ च्या नोव्हेंबर महिन्यांत त्यानें लंडन शहरांतील आपल्या मंदिरांत टेलिफोन ठेवून, निराश झालेल्या कोणीहि आपल्याशीं बोलावें अशी सोय केली. लोक इतके येऊं लागले कीं, त्यांची पाळी येईपर्यंत त्यांस चहा द्यावयास व त्यांच्याजवळ बसावयास साधीं माणसें ठेवावीं लागलीं. थोड्याच काळांत पाळकाच्या ध्यानांत आलें कीं, पुष्कळ जण त्या साध्या माणसांशीं बोलूनच हलके होऊन परत जातात. पाळकास भेटण्याची त्यांस गरज उरत नाहीं. त्या कार्यास चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतावरून नांव पडलें, आणि तें आजहि चालू आहे. ज्या बहिणीस वाचतां येत नाहीं, पण स्वस्थ बसून ऐकतां येतें, तिनें हें काम आपलें नव्हे असें समजूं नये.

४. साखळदंड आणि घर

मार्काच्या पांचव्या अध्यायांतील माणूस रात्रंदिवस थडग्यांत राही व दगडांनीं स्वतःस जखमा करी. गांवच्या लोकांजवळ एकच उपाय होता, तो बेड्या व साखळदंड. तो त्यांनीं अनेक वेळां केला, आणि साखळ्या तुटल्या. प्रभूनें साखळी मागितली नाहीं. त्यानें त्यास नांव विचारलें.

येथें एक सावधगिरीचा शब्द सांगणें जरूर आहे. हा पाठ घेऊन, स्वतःस इजा करणाऱ्या प्रत्येकास भूत लागलें आहे असें कोणीं शिकवूं नये. तेवढ्यावरून कोणास मारणें, कोंडणें, उपाशी ठेवणें किंवा चाललेलें औषध बंद करणें हें प्रभूच्या नांवानें केलेलें क्रौर्य होय. हीच गोष्ट लूकानेंहि आपल्या शुभवर्तमानांत लिहिली आहे, आणि लूक हा वैद्य होता (कलस्सै ४:१४). प्रार्थना आणि औषध ह्यांचें वैर शास्त्रांत नाहीं.

आपल्या काळच्या साखळ्या निराळ्या आहेत. रोज बाह्या वर करून हात तपासणें, चार लोकांत माफी मागविणें, प्रभुभोजनापासून दूर ठेवणें, सुधारेल ह्या आशेनें घाईघाईनें लग्न लावून देणें, ह्या साखळ्याच होत. आणि त्याहि तुटतात.

गोष्टीचा शेवट पाहा. तो माणूस वस्त्र नेसून शुद्धीवर बसला होता. तें पाहून लोकांस भय वाटलें. त्यास प्रभूबरोबर जावयाचें होतें. परंतु प्रभूनें त्यास स्वतःच्या घरीं, स्वतःच्या माणसांकडे पाठविलें. म्हणजे बऱ्या झालेल्या माणसास जगावयाचें होतें तें त्याच गांवांत, जेथें सर्वांस त्याचें थडग्यांतील ओरडणें आठवत होतें. त्याच्या घरच्यांनीं त्यास कसें घेतलें हें शास्त्र सांगत नाहीं. आपल्या गांवापुरतें तें उत्तर आपण द्यावयाचें आहे.

५. “मग हें पाप नव्हे काय?”

असें कोणी विचारील, आणि बहुधा जखमी माणूस स्वतःच विचारील. त्यास असें सांगावें कीं देवानें दिलेलें शरीर मोलाचें आहे, म्हणूनच तुझी जखम पाहून आम्हांस वाईट वाटतें. परंतु ज्यानें स्वतःवर खटला भरून स्वतःस शिक्षाहि दिली आहे, त्यास आणखी एक न्यायाधीश नको आहे. त्यास हें कळावयास पाहिजे कीं त्याचा तारणारा स्वतः घायाळ झालेला आहे, आणि पुनरुत्थान झाल्यावरहि त्यानें आपले व्रण थोमापासून लपविले नाहींत (योहान २०:२७). ज्याच्या हातांवर व्रण आहेत त्याच्यापुढें बाही वर करावयास भ्यावयाचें कारण नाहीं.

६. नऊ भेटी

दुसऱ्या भेटीचें मोल आपल्या काळांत मोजूनहि पाहिलें गेलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमानें पांच देशांतील पांच शहरीं एक पाहणी झाली, ती २००८ सालीं प्रसिद्ध झाली. त्या शहरांत आपल्या देशांतील चेन्नई होतें. आत्महत्येचा प्रयत्न केल्यामुळें रुग्णालयांत आणलेल्या १,८६७ माणसांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, दोन गट केले. पहिल्या गटास नेहमींचा उपचार मिळाला. दुसऱ्या गटास त्याशिवाय सुमारें एक तासाचें समजावणीचें बोलणें, आणि घरीं गेल्यावर अठरा महिन्यांत नऊ वेळां भेट किंवा टेलिफोन, इतकेंच अधिक मिळालें. अठरा महिन्यांच्या अखेरीस पाहतां, पहिल्या गटांत दर हजारीं सुमारें २२ जण आत्महत्येनें मरण पावले होते. दुसऱ्या गटांत सुमारें २.

त्या नऊ भेटी अशा होत्या: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या व अकराव्या आठवड्यांत, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या व अठराव्या महिन्यांत. उपदेशकानें हे आंकडे आपल्या रोजनिशींत उतरून घ्यावे. आरंभीं भेटी जवळजवळ आहेत, मग लांब होत जातात. शेवटची भेट दीड वर्षांनीं आहे. म्हणजे सारें गांव ती गोष्ट विसरल्यावरहि कोणी तरी विसरलें नव्हतें. शोमरोन्यानेंहि धर्मशाळेच्या रक्षकास पैसे देतांना आपण परत येणार असल्याचें सांगितलें होतें (लूक १०:३५).

७. प्रत्यक्ष काय करावें

(अ) जखम आधीं, प्रश्न मागून. जखम स्वच्छ पाण्यानें धुवावी, स्वच्छ फडक्यानें दाबून धरावी व बांधावी. तींत राख, चुना किंवा हळद भरूं नये. जखम खोल असली किंवा रक्त थांबत नसलें तर दवाखान्यांत न्यावें. विषारी औषध किंवा पुष्कळ गोळ्या पोटांत गेल्याचा संशय असला, तर माणूस बरा दिसत असला तरी वेळ घालवूं नये. मिठाचें पाणी पाजून ओकारी काढूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि औषधाची बाटली किंवा वेष्टण डॉक्टरांस दाखवावयास बरोबर न्यावें.

(आ) घरांतील धोका दूर करावा. फवारणीचीं औषधें व गोळ्यांचा सांठा कुलुपांत, शक्य तर दुसऱ्याच्या घरीं ठेवावा. मरणाच्या इच्छेची लाट पुष्कळदां थोडा वेळ टिकते. तेवढ्यांत साधन हाताशीं नसलें तर जीव वांचतो. श्रीलंकेंत १९९५ पासून अत्यंत विषारी शेतीऔषधांवर बंदी घालण्यांत आली, आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलें. हें काम होईल तोंवर त्या माणसास सांगून करावें, म्हणजे तें पहाऱ्यासारखें न वाटतां काळजीसारखें वाटेल.

(इ) लाट येण्यापूर्वीं ठरवून ठेवावें. मन शांत असतां दोघांनीं बसून कागदावर लिहावें: दाटून येतें तें कशानें, कोणत्या वेळीं; तेव्हां आधीं काय करावयाचें; कोणास हांक मारावयाची. तोंडावर गार पाणी मारणें, अंगणांत फेऱ्या घालणें, गीत म्हणणें, शेजारीं जाऊन बसणें, अशा साध्या गोष्टींनींहि लाट ओसरेपर्यंतचा वेळ निघतो. शपथ मागूं नये. “पुन्हां करणार नाहींस ना?” असें न म्हणतां “पुन्हां तसें वाटलें तर आधीं कोणास सांगशील?” असें विचारावें. आणि पुन्हां घडलेंच, तर जखम बांधावी व दूताप्रमाणें दुसऱ्यांदा यावें.

(ई) वैद्याकडे न्यावें, व बरोबर जावें. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून जिल्हा रुग्णालयाची वाट कळते. भारत सरकारची टेली-मानस ही दूरध्वनि-सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला म्हणजे दिवसा किंवा रात्रीं, विनामूल्य, मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक मंदिराच्या दारावर लिहून ठेवावा. ज्यास विचारण्याची लाज वाटते तो जातां जातां वाचील. सोबत करणाऱ्यासहि तेथें सल्ला विचारतां येतो.

(उ) पोलिसांच्या भयानें लपवूं नये. जुन्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमान्वयें आत्महत्येचा प्रयत्न हा अपराध होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमानें, उलट सिद्ध न झाल्यास, असा माणूस तीव्र ताणाखालीं होता असेंच धरावें व त्यास शिक्षा करूं नये असें ठरविलें, आणि त्याची शुश्रूषा करणें हें सरकारचें कर्तव्य केलें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तें जुनें कलम घेतलेलें नाहीं. तेव्हां रुग्णालयानें पोलिसांस वर्दी दिली तरी घाबरूं नये, आणि डॉक्टरांपासून खरी गोष्ट चोरूं नये.

(ऊ) तोंड आवरावें. ही गोष्ट प्रार्थनासभेंत नांव घेऊन मांडूं नये. देवास नांव ठाऊक आहे. परंतु जीव धोक्यांत असला, किंवा कोणी अत्याचार करीत असला, तर गुप्ततेचें वचन देऊं नये. “तुझ्या जिवासाठीं मला आणखी एका माणसास सांगावें लागेल, तें कोणास सांगूं, तूं सांग,” असें प्रामाणिकपणें म्हणावें.

(ए) सोबत करणाऱ्याचीहि सोबत करावी. आई रात्र रात्र जागते आणि आपलेंच कांहीं चुकलें म्हणून झुरते. तिला दोष देऊं नये. एका रात्रीं मावशीनें, एका रात्रीं शेजारणीनें तिच्या जागीं निजावें. एकट्यानें वाहण्याचें हें ओझें नव्हे. मुलीस बोलावयाचें नसेल तर तिच्याजवळ गप्प बसावें. ईयोबाचे मित्र सात दिवस न बोलतां बसले, तोंपर्यंत ते चांगले मित्र होते.

८. त्या मुलीचें पुढें काय झालें

मंडळींत एक वृद्ध विधवा होती. तिला वाचतां येत नव्हतें. ती दर गुरुवारीं सुपांत भुईमुगाच्या शेंगा घेऊन त्या मुलीकडे जाऊं लागली. दोघी ओट्यावर बसून शेंगा फोडीत. पहिले कित्येक गुरुवार मुलगी कांहीं बोलली नाहीं, आणि आजीनेंहि विचारलें नाहीं. एका गुरुवारीं मुलीनें आपण होऊन बाही वर केली. आजीनें तो हात आपल्या हातांत घेतला, “लई दुखलं असंल गं, बाळ,” एवढेंच म्हटलें, आणि मग विचारलें, “मरावंसं वाटतं का?” त्या दिवशीं मुलीनें जें आईसहि सांगितलें नव्हतें तें तिला सांगितलें. मुलीच्या संमतीनें तें आईस कळलें, आईनें तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलें, आणि औषध सुरू झालें.

मीहि गेलों. मीं तिची क्षमा मागितली, आणि तुझ्याकडून घेतलेली शपथ मी परत करितों, देवानें ती मागितलीच नव्हती, असें सांगितलें. ती पुष्कळ वेळ रडली. त्यानंतरहि दोनदां तिच्या हातून तेंच घडलें. आजीचा गुरुवार चुकला नाहीं. पुढच्या वर्षीं ती उपासनेस येऊं लागली, आणि दारापाशीं आजीच्या शेजारीं बसूं लागली. आज तिला संसार आहे, मुलें आहेत. व्रण आहेत, ते ती लपवीत नाहीं. आजी वारल्यास आतां बरींच वर्षें झालीं. त्या गांवांत दर गुरुवारीं आतां ही स्त्री सूप घेऊन दुसऱ्या एका घरीं जाते.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. एलीया पुन्हां निजल्यावर दूत रागावला असता, तर पुढें काय झालें असतें?
२. आपल्या मंडळींत कोणतीं माणसें स्वस्थ बसून ऐकूं शकतात? त्यांच्याकडे हें काम आपण सोंपविलें आहे काय?
३. आपल्या बोलण्यांत अशी कोणती गोष्ट आहे जिच्यामुळें जखमी माणूस आपणांपासून बाही लपवील?
४. फवारणीचें औषध आपल्या स्वतःच्या घरीं आज कोठें ठेविलेलें आहे?

प्रार्थना

हे देवबापा, तूं रतामाखालीं निजलेल्या आपल्या सेवकास भाकर दिलीस आणि त्याचा कंटाळा केला नाहींस. आमच्या गांवांत ज्यांस रात्र सोसवत नाहीं, त्यांच्या उशाशीं तूं ऐस. आम्हांस त्यांच्या दारीं जावयास धैर्य दे, बोलण्याआधीं ऐकावयास शीक; आणि पहिल्या दिवसाची आमची दया निवून गेल्यावर दुसऱ्यांदा जावयास आमचे पाय उचल. ज्या प्रभूनें आपले व्रण लपविले नाहींत त्याच्या नांवानें मागतों. आमेन.